घरापासून कामापर्यंत : मुंबई आणि नैरोबी या दोन शहरांची गोष्ट

कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात सकाळी सातच्या सुमारास नीरा-बारामती रस्त्यावर घटकाभर उभे राहून पाहा. बारामतीच्या कॉलेजात निघालेल्या मुली एस. टी.ची वाट पाहत असतात. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा तरुण मोटरसायकल काढतो. दुधाची गाडी डेअरीकडे धावत असते. गळिताचा हंगाम असला, तर सोमेश्वर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले असतात. आणि या सगळ्यांच्या शेजारून एखादे म्हातारबा खांद्यावर फावडे टाकून, पाटाच्या कडेने शांतपणे मळ्याकडे जात असतात. त्यांना एस. टी.ची काळजी नाही आणि घड्याळाचीही नाही. त्यांचे घर आणि त्यांचे काम यांच्यामध्ये फार तर दोन बांध आणि एक पाट.

आपल्या आजा-पणजांच्या काळी बहुतेकांचे असेच होते. शेतकऱ्याचे शेत घराजवळ, सुताराचा कामठा घरासमोर, कुंभाराचे चाक अंगणात. 'कामावर जाणे' हा शब्दप्रयोगच अलीकडचा. मग माणसाचे घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, असे केव्हा झाले? कोणी केले? आणि या दोहोंमधल्या अंतराची किंमत कोण देतो? आज आपण दोन शहरांच्या इतिहासातून याचे उत्तर शोधू. एक शहर आपल्या ओळखीचे, मुंबई. दुसरे समुद्रापलीकडचे, आफ्रिकेतले नैरोबी. ही दोन नावे एकत्र कशी आली, असे तुम्हांला वाटेल. पण जरा धीर धरा. त्यांचे नाते पुढे कळेल.

मुंबईपासून सुरुवात करू.

कावसजी दावर या पारशी उद्योजकाने १८५४ साली मुंबईत कापडगिरणी काढण्याचा घाट घातला आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पाठोपाठ परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची धुरांडी उभी राहिली. या गिरण्यांना माणसे लागत. ती कोकणातून गेली, साताऱ्याकडून गेली, आपल्या पुणे जिल्ह्यातूनही गेली. कोरडवाहू जमिनीवर ज्यांचे पोट भरत नव्हते, त्यांना भोंग्याने बोलावले.

हे कामगार कुठे राहत? गिरणीच्या सावलीतच. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे. दिवसपाळीचा गडी कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पाठ टेकायचा. जेवण खानावळीत, अंघोळ सार्वजनिक नळावर. भोंगा वाजला की चाळींतून माणसांचे लोंढे निघत आणि दहा-पंधरा मिनिटांत पायी गिरणीच्या दारात पोहोचत. पगार तुटपुंजा, भाड्याला पैसे कुठले? म्हणून कामाच्या जवळ राहायचे, मग जागा कशी का असेना. या जीवनाला आपण सुखाचे म्हणणार नाही. अशा दाटीत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि हजारोंनी माणसे दगावली. सरकारला जाग आली. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्या फोडायच्या, रस्ते रुंद करायचे, दादर-माटुंग्याकडे मोकळी हवेशीर वस्ती वसवायची, असे त्याचे धोरण होते. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या त्यातून निर्माण झाल्या. त्यांत ज्याच्या गाठीला दोन पैसे होते तो राहायला गेला. गरीब बहुतेक दाटीतच राहिला. पण एक गोष्ट कायमची सुरू झाली, ती ही की घर उत्तरेकडे सरकू लागले आणि कचेरी दक्षिणेला कोटातच राहिली.

हे शक्य झाले ते रुळांमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. अंतर चौतीस किलोमीटर, डबे चौदा, पाहुणे सुमारे चारशे. ही रेल्वे उभारणाऱ्या कंपनीच्या पहिल्या संचालकांत आपले नाना शंकरशेट होते, हे गुरुजनांनी मुलांना अवश्य सांगावे. १८६७ च्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या रुळावर विरारहून मुंबईस एक गाडी सकाळी येऊ लागली आणि संध्याकाळी परत जाऊ लागली. दिवसाला एकच जाणारी आणि एकच येणारी! आजच्या 'लोकल'चे मूळ ते इथे.

शहराच्या पोटात फिरायला ट्राम होती. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. पहिले भाडे तीन आणे होते. मजुराला हे कसे परवडणार? ट्राम होती साहेबांची, व्यापाऱ्यांची, कारकुनांची. पुढे भाडे उतरत गेले आणि १८९९ साली कुठेही जा, एक आणा, असे झाले. तेव्हा कुठे साधा माणूस पायरी चढला. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. ट्रामने ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईकरांचा निरोप घेतला.

पण मुंबईचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेवरची पहिली गाडी धावली. आता यात विशेष काय, असे कोणी विचारील. विशेष असे, की वाफेचे इंजिन जड. थांबले की पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. शेवटच्या स्टेशनावर ते सोडवून, फिरवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची जागा असते. आली तशीच उलटी निघते. चटकन वेग घेते, चटकन थांबते. म्हणून स्टेशने जवळजवळ ठेवता येतात आणि एका गाडीच्या पाठीला लागून दुसरी सोडता येते. एका मार्गावरून तासाला कितीतरी अधिक माणसे जाऊ लागली. जानेवारी १९२८ मध्ये चर्चगेट ते बोरिवली मार्गही विजेवर आला. बोरिवली, कल्याण ही त्या काळची गावेच. तिथे राहून कोटात नोकरी करणे आता शक्य झाले.

स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, मुंबई नगरपालिकेने ट्राम, बस आणि वीज पुरवणारी कंपनी आपल्या ताब्यात घेतली. हीच 'बेस्ट'. यामागचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे. शहराने कामगाराला कामावर नेणे हा नुसता धंदा नाही, ती शहराची जबाबदारी आहे, असे तेव्हाच्या कारभाऱ्यांना वाटले. पुढे बसखात्याला तूट आली की वीजखात्याच्या मिळकतीतून ती भरून काढली जाई. घरातल्या एका भावाचा मळा पिकला आणि दुसऱ्याचा बुडाला, तर एकत्र कुटुंबात जसे चालते, तसेच हे. ही सोय संपल्यावर 'बेस्ट' अडचणीत आली. एके काळी चार हजारांहून अधिक असलेला बसगाड्यांचा ताफा पुढे घटत गेला.

आता या गोष्टीतला सर्वांत कडू भाग. गिरणी कामगार निदान चालत कामावर जात होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मिटलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, ज्या उघडल्या त्यांनी थोडीच माणसे परत घेतली. गिरण्यांच्या जागेवर पुढे टोलेजंग इमारती, कचेऱ्या, दुकाने आली. कामगाराच्या पोराला त्या इमारतीत पहारेकऱ्याची, शिपायाची, फार तर कारकुनाची नोकरी मिळाली. पण तिथे राहायची ऐपत उरली नाही. अशी कितीतरी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार इकडे गेली. ज्या परळात बाप पायी कामावर जात होता, त्याच परळात मुलगा साठ किलोमीटरवरून लोकलने येऊ लागला!

यात किती आयुष्य जाते, याचा हिशेब शाळेतल्या पोराने मांडण्यासारखा आहे. घरातून निघून कचेरीत पोहोचेपर्यंत दोन तास, परत दोन तास, असे दिवसाचे चार तास धरू. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे. म्हणजे वर्षाला बाराशे तास. त्याचे पूर्ण दिवस करा: पन्नास. तीस वर्षे नोकरी केली, तर पंधराशे दिवस. चार वर्षांहून अधिक काळ, रात्र नि दिवस मिळून, माणूस नुसता गाडीत उभा! आणि उभा तरी कसा? गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरात, म्हणजे आपल्या लहानशा चौरंगाभोवतीच्या जागेत, चौदा ते सोळा माणसे. रेल्वेच्या लोकांना या गर्दीसाठी वेगळे नावच शोधावे लागले.

मुंबईच्या लोकलने रोज सत्तर लाखांच्या घरात प्रवासी ये-जा करतात. जगात असे दुसरे उदाहरण दाखवणे कठीण. पण याच रुळांवर गाडीतून पडून, रूळ ओलांडताना दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे प्राणाला मुकत आली आहेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस जण गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च गाड्या एकमेकींजवळून जात असता दारात लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. कामावर वेळेत पोहोचण्यापलीकडे यांचा दुसरा काय गुन्हा होता?

अशा या शहरात आपल्या पुणे जिल्ह्याच्या माणसांनी एक अपूर्व गोष्ट उभी केली, ती इथे सांगितलीच पाहिजे. नोकरदार सकाळी सहा-सातला घर सोडतो. इतक्या पहाटे स्वयंपाक होत नाही, आणि झाला तरी त्या गर्दीत डबा सांभाळता येत नाही. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ही अडचण ओळखून घरचे जेवण कचेरीत पोहोचवण्याचे काम सुरू केले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतले शेतकरी गडी त्यांना येऊन मिळाले. डब्यावर रंगाने काढलेल्या खुणांवरून डबा कोणत्या स्टेशनाचा, कोणत्या इमारतीचा, कितव्या मजल्याचा हे ते ओळखत. कोविडच्या साथीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत. साथीत २०२० साली लोकल बंद पडली आणि हा धंदाही बसला. पुढे तो सावरला, पण पूर्वीइतका नाही. नेमाने, मिळून, एकमेकांवर विसंबून काम केले तर कमी शिकलेली माणसेही केवढे काम उभे करतात, याचा हा पुरावा.

आता समुद्र ओलांडू.

पूर्व आफ्रिकेत मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात रेल्वे बांधली. कोणाच्या हातांनी? हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांच्या. त्यांतले बहुतेक पंजाबकडचे. अडीच हजारांच्या आसपास मजूर रोगराईने, अपघातांनी आणि सिंहांच्या तोंडी सापडून तिकडेच गेले. रुळांची रुंदी आपल्या मीटरगेजची. चलनात नाणे आपल्या रुपयाचे. १८९९ च्या मे महिन्यात हे रूळ एका दलदलीच्या माळावर पोहोचले. मसाई लोक तिथे गुरे चारीत. थंड पाण्याच्या ओढ्यावरून त्या जागेला ते जे नाव देत, त्यावरूनच नैरोबी हे नाव आले. पुढे चढण होती, म्हणून रेल्वेने तिथे सामानाचा तळ टाकला. त्या तळाचे शहर झाले. मुंबई-ठाणे मार्गाची जी विद्या इथे पन्नास वर्षांत मुरली होती, तिचाच एक फाटा असा नैरोबीला गेला. हेच या दोन शहरांचे नाते. आणखी एक धागा आपल्या घरचा. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ साली स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि १९५४ पर्यंत तिथे राहिले. औंध म्हणजे नीरेपलीकडचा आपला शेजारच.

नैरोबीत घर आणि काम यांच्यातले अंतर पैशाने नव्हे, तर कातडीच्या रंगाने ठरवले गेले. पश्चिमेच्या थंड टेकड्या गोऱ्यांना. उत्तरेला पार्कलँड्सचा भाग हिंदी लोकांना. पूर्वेची सखल, चिखलाची जमीन आफ्रिकी लोकांना. सकाळी पूर्वेकडचा आफ्रिकी माणूस पश्चिमेकडच्या बंगल्यात बागकामाला, स्वयंपाकाला चालत जायचा. त्याला १९२० पासून 'किपांडे' नावाचा नोंदणीचा दाखला बाळगावा लागे. तो पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवलेला असे. काम आहे तोवर शहरात राहायचे, काम सुटले की गावी जायचे, असा इंग्रजी कारभाराचा रोख. ज्याला शहरात राहूच द्यायचे नाही, त्याच्यासाठी घरे कशाला आणि बस तरी कशाला! १९३४ साली एका इंग्रजी कंपनीने बस सुरू केली खरी, परंतु पूर्वेकडच्या वाढत्या वस्तीला ती कधीच पुरली नाही.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. बंधने गेली, माणसे शहरात लोटली. नव्या वस्त्यांत बस जाईना. तेव्हा लोकांनी स्वतःच मार्ग काढला. मोडक्या-तोडक्या टेम्पोवजा गाड्यांतून माणसे भरून न्यायला सुरुवात झाली. भाडे दहा सेंटची तीन नाणी. तिकडच्या भाषेत 'तातू' म्हणजे तीन. म्हणून या गाडीचे नाव पडले 'मतातू'. वाचकहो, तुम्हांला हे नवल वाटणार नाही. आपल्याकडे जिला 'वडाप' म्हणतात, तिचीच ही आफ्रिकेतली बहीण. १९७३ साली राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी या गाड्यांना परवान्याशिवाय चालायला मोकळीक दिली. पाहता पाहता नैरोबीची रोजची वाट मतातूंच्या हाती गेली.

मतातूने गरिबाची सोय केली, यात शंका नाही. जिथे सरकार पोहोचले नाही तिथे ती पोहोचली. पण वडापचे दोष जे आपल्याला माहीत आहेत, तेच तिथे शंभर पटींनी. मालक गाडी चालकाच्या हाती देतो आणि संध्याकाळी ठरलेली रक्कम मागतो. वरचे ते चालकाचे. मग चालक काय करणार? भरल्याशिवाय हलणार नाही, हलला की वाऱ्यासारखा सुटणार, पुढच्या गाडीला मागे टाकून तिचे उतारू उचलणार. पाऊस आला की भाडे वाढणार. अपघात फार वाढले, तेव्हा २००४ साली वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी कडक नियम केले: वेग आवरणारे यंत्र, प्रत्येकाला आसन, आसनाला पट्टा, उभे राहायचे नाही. गाड्या काही दिवस बंद राहिल्या आणि हजारो लोकांना पायी कामावर जावे लागले. पण पुढे काही काळ तरी शिस्त आली. चालक मुळात वाईट नसतो, त्याच्यावर लादलेला हिशेब त्याला तसा करतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

२०२२ साली नैरोबीत सत्तावीस किलोमीटरचा उंचावरून जाणारा टोलचा रस्ता खुला झाला. विमानतळाकडे जाणारी मोटार त्यावरून मिनिटांत निघून जाते. त्याच्या खांबांखालून मात्र माणसांची रांग पहाटे पूर्वेकडून कामावर चालत येते. या शहरातले फार मोठ्या संख्येने लोक आजही दोन पायांवरच कामाला जातात; शंभर वर्षांपूर्वी जसे जात होते तसेच. मुंबईत २००९ साली वांद्रे-वरळी सागरी पूल झाला, त्यावरही पायी चालणारा किंवा दुचाकीवाला जाऊ शकत नाही. दोन शहरे, दोन खंड, पण गोष्ट एकच.

नायजेरियातले लागोस तर भूगोलाने मुंबईचेच भावंड. कचेऱ्या बेटांवर, घरे पलीकडच्या भूभागावर, मध्ये खाडी आणि तिच्यावर मोजके पूल. तिथे लोहमार्गाची योजना १९८० नंतर आखली गेली आणि १९८५ साली लष्करी राजवटीने ती गुंडाळून ठेवली. अखेर शहरातली पहिली विजेची गाडी धावली २०२३ च्या सप्टेंबरात. एक निर्णय चुकला आणि एक सबंध पिढी पुलांवर अडकून राहिली.

इथे कोणी म्हणेल, रस्ते रुंद करा, पूल बांधा, म्हणजे प्रश्न सुटेल. याचे उत्तर आपल्या नीरा डाव्या कालव्यापाशीच आहे. १८८५ च्या सुमारास कालवा सुरू झाला, तेव्हा ज्वारी-बाजरीला हे पाणी पुरून उरेल असेच कोणालाही वाटले असते. पाणी हमखास मिळते म्हटल्यावर ऊस आला, ऊस वाढला आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी लांबू लागली. पाणी वाढले की ऊस वाढतो, तसा रस्ता वाढला की मोटारी वाढतात. मुंबईत १९९५ नंतरच्या वर्षांत उड्डाणपुलांमागून उड्डाणपूल झाले. प्रत्येक पुलाने काही दिवस सुटका केली, आणि मग पूलही तुंबला.

मग उपाय काय? पुन्हा एक हिशेब करू. पन्नास माणसांना न्यायचे आहे. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर चौतीस मोटारी लागतील. एक मोटार चार मीटर लांब. नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या, तरी रांग होते एकशे छत्तीस मीटर. तीच पन्नास माणसे बारा मीटरच्या एका बसमध्ये बसतात. आणि मुंबईची बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसे एका खेपेला नेते. जागा थोडी, माणसे पुष्कळ, अशा ठिकाणी सर्वांनी मिळून एका गाडीत बसणे हाच मार्ग. शिंप्याकडे कापड थोडे असले की तो आधी माप नीट घेतो. शहराच्या कारभाऱ्यांनीही तसेच करायला हवे. पुण्याची नगरपालिका-बस १९५० साली सुरू झाली, तेव्हा पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सायकल गेली, दुचाकी आली, रस्ते गच्च भरले, आणि ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. हे शहाणपण उशिरा आले, पण आले.

तुम्ही म्हणाल, हे सारे शहरांचे. आम्हांला त्याचे काय?

वाचकहो, शहराची ही वाट आता आपल्या दारापर्यंत आली आहे. कोऱ्हाळ्याची मुले बारामतीला शिकायला जातात, पुण्या-चाकणला नोकरी करतात. आपल्याही घराचे आणि कामाचे अंतर वाढत चालले आहे. आणि गावाची सामायिक गाडी म्हणजे एस. टी. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला पहिली एस. टी. धावली. तिच्यामागे विचार तोच होता, जो ७ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत होता: उतारू कमी असले तरी गाडी वेळेवर सुटली पाहिजे आणि शेवटच्या गावापर्यंत गेली पाहिजे. वडाप भरल्यावर सुटते, एस. टी. वेळ झाली की सुटते. एवढाच फरक, पण या फरकावर कितीतरी मुलींचे शिक्षण उभे आहे. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी.चा मोफत पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट झाले, तेव्हा माहेरी-बाजारी जाणाऱ्या आयाबहिणींनी गाड्या भरून टाकल्या.

ही गाडी थांबली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस. टी. कामगारांचा संप चालला. कामगारांच्या मागण्यांना कारणे होती, त्यांचीही घरे होती. परंतु त्या काळात ज्यांच्या दारात मोटरसायकल होती त्यांचे फारसे अडले नाही. अडले ते वाडीवस्तीवरच्या मुलीचे, दवाखान्यात जाणाऱ्या म्हातारीचे, आठवड्याच्या बाजाराला टोपली घेऊन निघालेल्या बाईचे. बापाने एकदा 'आता कशी पाठवू?' म्हटले की पोरीचे पुस्तक मिटते, आणि मिटलेले पुस्तक पुन्हा उघडणे किती कठीण असते, हे शिक्षकांना सांगायला नको.

शिक्षकांनी एक छोटासा उद्योग करून पाहावा. शाळेसमोरच्या रस्त्यावर मुलांना एक तास बसवा. किती मोटारी गेल्या, त्यांत किती माणसे. किती दुचाक्या, किती बसगाड्या, आणि किती जण पायी, हे त्यांना मोजू द्या. मग फळ्यावर हिशेब मांडा: रस्त्याची जागा कोणी किती घेतली आणि माणसे कोणी किती नेली. मुलांना नागरिकशास्त्राचा धडा एका तासात समजेल. ग्रामसभेत गटारे, दिवे, पाणी यांची चर्चा होते, तशी सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाडीचीही झाली पाहिजे. गाडी रिकामी जाते म्हणून ती बंद होते, आणि बंद होते म्हणून माणसे दुचाकी घेतात. हे चक्र गावाने वेळीच थांबवायला हवे. पास काढा, वेळापत्रकासाठी अर्ज करा, आणि आपली गाडी आपणच भरा.

मुंबईच्या गिरणी कामगाराच्या मुलाला साठ किलोमीटर दूर फेकले ते नियतीने नव्हे, माणसांच्या निर्णयांनी. नैरोबीच्या माणसाला पूर्वेच्या चिखलात ठेवले तेही माणसांच्याच निर्णयांनी. जे माणसांनी बिघडवले ते माणसांना सुधारताही येते. १८९९ साली ट्रामचे भाडे एक आणा झाले तेव्हा साधा माणूस तिच्यात चढला. १९४७ साली शहराने बस आपली म्हटली. १९४८ साली गावाला एस. टी. मिळाली. या गोष्टी आपोआप घडल्या नाहीत, कोणीतरी ठरवल्या आणि पुष्कळांनी मिळून निभावल्या. गाव करील ते राव काय करील, ही म्हण आपल्याला उगाच मिळालेली नाही.

उद्या सकाळी रस्त्यावर एस. टी.ची वाट पाहणारी पोर दिसली, तर तिच्याकडे या नजरेने पाहा. ती नुसती गाडीची वाट पाहत नाही. आपण सर्वांनी मिळून तिच्यासाठी काय ठरवले आहे, याची ती वाट पाहत आहे.